नेत्याच्या सभेचा खर्च उमेदवाराचा की पक्षाचा?

हिशेबनीस: विधानसभेची खर्चमर्यादा 40 लाख. पक्षाचा मोठा नेता हेलिकॉप्टरने सभेला येणार आहे. व्यासपीठावर शेजारच्या दोन मतदारसंघांचे उमेदवारही असतील. यातलं आमच्या उमेदवाराच्या नावावर नेमकं काय चढतं? आणि अपक्षाला यातली कुठली सवलत मिळते?

कलम७७: प्रवास आणि सभा आधी वेगळ्या करा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 ची सूट फक्त स्टार प्रचारकाच्या, म्हणजे पक्षाने निवडणूक आयोगाला यादीत कळवलेल्या नेत्याच्या, प्रवासाला आहे. मान्यताप्राप्त पक्षाला अशी 40 नावं देता येतात, नुसत्या नोंदणीकृत पक्षाला 20. यादी अधिसूचनेपासून 7 दिवसांत गेली नाही तर सूट गेली. उमेदवार त्याच हेलिकॉप्टरमध्ये बसला तर त्या प्रवासाचा निम्मा खर्च त्याच्यावर येतो. त्याला गाडीनेच येऊ द्या.

सभेला सूट नाही. उमेदवार व्यासपीठावर असेल किंवा त्याचं नाव, फोटो फलकावर असेल, तर मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक सगळं धरलं जातं. तिघे असतील तर तीन समान वाटे. मांडवाचं बिल 6 लाखांचं असेल तर तुमच्याकडे 2 लाख लागतील.

व्हाउचर: बिल कमी दाखवून निभत नाही. व्हिडिओ पथक खुर्च्या आणि फलक टिपतं, जिल्ह्याच्या दरपत्रकाने आकडा काढला जातो आणि छाया नोंदवहीत, म्हणजे निवडणूक यंत्रणा उमेदवाराच्या खर्चाची ठेवते त्या समांतर वहीत, चढतो. तुमच्या वहीशी फरक पडला की नोटीस येते, उत्तराला 48 तास मिळतात. म्हणून कंत्राटदाराकडून खुर्च्यांचा नग आणि मांडवाचं मोजमाप त्याच दिवशी लिहून घ्या.

बाकी नेहमीचंच, पण चुका इथेच होतात. स्वतंत्र बँक खातं अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडा. एका व्यक्तीला रोख 10 हजारांपर्यंतच, तेही पूर्ण निवडणुकीत मिळून. मांडववाल्याला चार वेळा 5 हजार रोख दिले तर ते 20 हजारच धरतात. अर्जाआधी छापलेली पत्रकं नंतर वाटली तर तीही खर्चात येतात. निकालापासून 30 दिवसांत हिशेब द्या. सबळ कारणाशिवाय चुकला तर कलम 10अ खाली 3 वर्षं अपात्रता, हरलेल्यालाही.

जुनी_फाईल: अपक्षाचं उत्तर राहिलं. त्याला स्टार प्रचारकच नाहीत, म्हणजे सूट शून्य; पाहुणा वक्ता आणला तर त्याचं भाडंही 40 लाखांत. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. विधानसभेनंतर 75 दिवसांत विवरणपत्र दिलं की झालं. कंवरलाल गुप्ता खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरला होता. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून ते निष्प्रभ केलं. 2003 च्या दुरुस्तीने सूट बरीच आवळली, पण पक्षाचा सर्वसाधारण प्रचार मोकळाच राहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक रोखे रद्द झाले, तो प्रश्न पैसा येतो कुठून याचा होता. खर्चाचं दार अजून तसंच उघडं आहे, आणि पक्षालाही मर्यादा घातल्याशिवाय ही लढत बरोबरीची होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

हिशेबनीस: आभार. तिघांपैकी एक उमेदवार आयत्या वेळी आला नाही, तर वाटे दोनच ना?

कलम७७: फलकावर त्याचं नाव किंवा फोटो असेल तर तीनच. सभेच्या आदल्या रात्री फलक वाचून घ्या.