दरडीतल्या एकाच बिळात तीन कवड्या धीवर?

नदीकाठी:
भीमेच्या उभ्या मातीच्या दरडीत बरीच बिळं आहेत. त्यातल्या एका बिळात तीन कवड्या धीवर (काळे-पांढरे मासेखाऊ पक्षी) मासे घेऊन जातात. शेजारची बिळं कुणाची? आणि फोटोसाठी किती जवळ गेलेलं चालेल?

दरडवाला:
आधी छाती बघा. नराला दोन काळे पट्टे असतात, खालचा बारीक. मादीला एकच, तोही मध्ये तुटलेला. दोन नर आणि एक मादी दिसली तर तिसरा बहुधा मदतनीस, म्हणजे जोडीची पिल्लं भरवायला हातभार लावणारा. केनियात व्हिक्टोरिया आणि नैवाशा सरोवरांकाठी पक्षी-अभ्यासक रायर यांनी याचाच अभ्यास केला. काही मदतनीस जोडीचेच आधीच्या विणीतले मुलगे, तर काही अगदी परके नर. परक्याला अंड्यांतून पिल्लं बाहेर आल्यावरच थारा मिळतो, आणि तोही मासे मिळवणं जड जात असेल तर. नैवाशात मासे सहज मिळत, तिथे जोडपी परक्याला हुसकावून लावत.

चोचीतला मासाही बघा. डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर तो पिल्लांसाठी. स्वतः गिळायचा असेल तर डोकं घशाकडे.

पाणकाठ:
बिळांबद्दल: तोंडाखाली पांढरे ओघळ आणि माशांचा उग्र वास म्हणजे धीवर किंवा खंड्या. वेड्या राघूचं बीळ बरंच अरुंद, तिथे किड्यांचे पंख सापडतात. गवत, पिसं, सापाची कात डोकावत असेल तर किनारी मैना. हात किंवा काठी मात्र कुठल्याच बिळात घालू नका, आतल्या खोलीत अंडी-पिल्लं असतात. दरडीच्या माथ्यावरही उभं राहू नका, भुसभुशीत माती बोगद्यासकट खचते.

दरडवाला:
अंतराचा ठरीव आकडा नाही, पण तीसेक मीटरच्या आत मी तरी जाणार नाही. पक्षी मासा धरून बाहेरच ओरडत बसला, आत जाईना, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरा.

उडता फोटो हवा असेल तर बिळापासून दूर, उघड्या पाण्यावर थांबा. शरीर उभं, चोच खाली, पंख फडफडताहेत पण डोकं जागच्या जागी, असा तो हवेत तरंगतो. बरेचदा अर्ध्यावर येऊन पुन्हा थबकतो. नवखे नेमके तिथेच कॅमेरा खाली करतात. शटर १/२५०० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा.