८९एस५२ मायक्रोकंट्रोलरसाठी फुकट कंपायलर कुठला, आणि नव्या लॅपटॉपवरून आयसी बर्न कसा करायचा (त्यात प्रोग्रॅम कसा भरायचा)?

ऊसवाला_शिये:
नमस्कार मंडळी. आमच्या रानात विहिरीवर साडेसात एचपीची मोटर आहे. थ्री फेज रात्रीची असली की आबा बॅटरी घेऊन दोन वाजता बांधावर. म्हणून लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून मोटर चालू करणारं आणि विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद करणारं सर्किट करतोय. डिप्लोमाच्या वेळचे चार ८९एस५२ घरात आहेत. एलसीडीचा कोड घातला तसा प्रोग्रॅम २.६ केबीवर गेला, आणि कॉलेजात शिकलेल्या कंपायलरची (कोडचं आयसीच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची) फुकट आवृत्ती २ केबीच्या पुढं लिंकच करत नाही. आयसीत जागा ८ केबी! मित्र क्रॅक केलेली प्रत देतोय, मला ती नको. जुना प्रोग्रॅमर प्रिंटर पोर्टवर चालायचा, या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. सगळं सोडून एव्हीआर या दुसऱ्या जातीच्या मायक्रोकंट्रोलरकडं वळू का?

पॅनेलवाली_उद्यमनगर:
हातातले आयसी सोडू नका. एसडीसीसी कंपायलर उतरवून घ्या. मुक्त आहे, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतो, कोडच्या आकाराला अट नाही. मी स्टार्टर पॅनेलचे टायमर त्यावरच करते.

कोड मात्र थोडा बदलावा लागेल. पिनला नाव द्यायला तुम्ही एसबिट आणि टोपीचं चिन्ह वापरलं असणार, ते याला कळत नाही. हेडरमध्ये पी१_० अशी नावं तयार आहेत, त्यांना डिफाइननं आपलं नाव द्या. इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून धावणारा कोड) लिहायची पद्धतही वेगळी. एलसीडीवरचा ठरलेला मजकूर कोडच्या जागेत ठेवा, कारण आतली रॅम २५६ बाइटच. शेवटी आयएचएक्स फाइल निघते, सोबतच्या पॅकआयएचएक्सनं तिची हेक्स करायची.

प्रोग्रॅमर विकत घेऊच नका, कुणाचा तरी अर्डुइनो उनो बोर्ड मागून आणा. त्याच्या उदाहरणांत अर्डुइनोआयएसपी हे स्केच (तयार प्रोग्रॅम) आहे, ते उनोत भरा. एव्हीआरचा रीसेट खाली ओढावा लागतो, ८९एस चा वर. हा फरक त्या स्केचमध्येच धरलेला आहे. उनोची ११ नंबर पिन आयसीच्या ६ ला, १२ ही ७ ला, १३ ही ८ ला, आणि १० ही ९ ला, म्हणजे रीसेटला. आयसीला क्रिस्टल (क्लॉकचे ठोके देणारा भाग) लावलेलाच हवा. स्केच भरून झालं की उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर घाला. बर्न करायला अव्हरडूड हे सॉफ्टवेअर.

आणि आयसीची ३१ नंबरची पिन ५ व्होल्टला जोडा! माझी एक अख्खी रात्र तिच्यापायी गेली. बर्न बरोबर, व्हेरिफाय बरोबर, पण एलईडी लागेना. क्रिस्टल बदलला, आयसी बदलला. पहाटे डेटाशीट परत वाचलं तेव्हा दिसलं: ही पिन मोकळी राहिली तर आयसी बाहेरच्या मेमरीतून प्रोग्रॅम शोधत बसू शकतो.

तुमच्या मोटरला काँटॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) असणार, म्हणून अजून एक. कॉइल सुटताना आयसी हँग होऊ शकतो. कॉइलवर स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावाच, पण ८९एस५२ मधला वॉचडॉगही (प्रोग्रॅम अडकला तर आयसी रीसेट करणारा टायमर) वापरा. ए६ पत्त्यावर आधी १ई, मग ई१ लिहिलं की तो सुरू होतो. १२ मेगाहर्ट्झला साधारण १६ मिलिसेकंदांच्या आत तेच परत लिहायचं, नाहीतर तो रीसेट मारतो. मोटर ज्यावर अवलंबून आहे ते काम याच्याशिवाय रानात नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंकाळ्याचा_सोल्डर:
ताईंशी सहमत. पुढच्या प्रोजेक्टला मात्र एटीमेगा३२८पी हा एव्हीआर घ्या. त्याचा कंपायलर एव्हीआर-जीसीसी फुकट, यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर स्वस्त, मेमरी ३२ केबी. कोरा आयसी १ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळं अव्हरडूडला वेग कमी करायला सांगा, नाहीतर त्याला आयसी सापडतच नाही. फ्यूज बिट (क्लॉक वगैरे ठरवणारी आयसीतली सेटिंग) बदलताना दोनदा तपासा. मी बाहेरचा क्रिस्टल निवडला आणि बोर्डवर क्रिस्टलच नव्हता. आयसी मेला समजून बाजूला टाकला होता. क्रिस्टल जोडल्यावर परत बोलायला लागला.

ऊसवाला_शिये:
ताई, भाच्याचा उनो आणला. काल रात्री एसडीसीसीत कोड बसला, इंटरप्टच्या दोन ओळींनी तेवढा वेळ खाल्ला. ३१ ची पिन माझीही मोकळीच होती. जोडली आणि एलसीडीवर ‘मोटर बंद’ अक्षरं आली, आबांना उठवून दाखवली. आता वॉचडॉग घालतो. एक विचारायचं होतं: पाच मिनिटं थांबायच्या डिले लूपमध्येच तो रीसेट मारतोय. लूपच्या आत सारखं लिहीत राहू, की टायमर इंटरप्टमधून?

पॅनेलवाली_उद्यमनगर:
इंटरप्टमधून नको. मुख्य लूप अडकला तरी इंटरप्ट चालू राहतो, मग वॉचडॉगला कळणारच नाही. टायमरनं फक्त सेकंद मोजा, वॉचडॉगचं लिहिणं मुख्य लूपमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. डिले लूप काढूनच टाका.