मदत हवी आहे: मिनी ट्रॅक्टरच्या लोडरला कोणता ग्रॅपल (ओंडके-दगड जबड्यात पकडणारा पंजा) लावावा?

रत्नागिरीजवळच्या आमच्या आंबा-काजूच्या बागेत 27 एचपीचा फोर-व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर असून त्याच्या लोडरची उचलक्षमता सुमारे 350 किलो आहे. छाटलेल्या फांद्या, वादळात पडलेली झाडे आणि जांभ्याचे सुटे दगड हलवायचे आहेत. बकेटला साखळीने ओंडके बांधून पाहिले, परंतु उतारावर भार झुलतो आणि ट्रॅक्टर कलंडण्याची भीती वाटते. मागे रोटाव्हेटरचे वजन असते, तरीही.

ग्रॅपलचे स्वतःचे वजन उचलक्षमतेतून वजा होत असल्याने 120 किलोपेक्षा जड आणि कलमांच्या ओळींमुळे चार फुटांपेक्षा रुंद ग्रॅपल चालणार नाही. तळाला दाते असलेल्या ग्रॅपलमधून माती गळून जाते, म्हणून माझा कल तिकडे आहे. मात्र लहान दगडही गळतील अशी शंका आहे. लोडरला उचलणे आणि झुकवणे एवढ्याच दोन हायड्रॉलिक लाइन आहेत; जबडा मिटवायला तिसरी लागेल.

तेव्हा अशा मिश्र कामासाठी एकच रुंद जबडा पुरेल, की स्वतंत्रपणे मिटणारे दोन अरुंद जबडे घ्यावेत? आणि तिसऱ्या लाइनसाठी, झुकवणे व पकडणे एकाच वेळी करू न देणारा स्वस्त डायव्हर्टर व्हॉल्व्ह (झुकवण्याच्या लाइनचे तेल जबड्याकडे वळवणारी झडप) उतारावर कितपत अडचणीचा ठरतो?