जावाच्या नाचात प्रेम बघायचं तरी कुठे?

तिसरी_घंटा:
नुकतेच इंडोनेशियातल्या जावा बेटावर जोगजाकार्ता, सोलो ही शहरं फिरून आलो. सोलोत ओळखीने एका लग्नाला जायला मिळालं. तिथे जोडीचा नाच होता, नाव कारोनसिह. राजपुत्र पंजी आणि राजकन्या सेकरताजी, एकमेकांवर जीव टाकणारे, असं शेजारच्यांनी सांगितलं. पण ती सारा वेळ जमिनीकडे बघतेय आणि तो तिच्या पलीकडे कुठेतरी! आमच्या ह्यांनी हळूच विचारलं, "यांचं वाजलंय का?" मी कथक बघत वाढले, भुवई हलली की कळतं. इथे काय बघायचं असतं?

सोलोत_रुळलेली:
वाजलेलं नाही, ताटातूट झालेली आहे. पंजी राजवाडा सोडून गेलाय, ती त्याला शोधत निघालीय आणि नाचात त्यांची भेट होते. हा नाच एस. मारिदी यांनी बसवला. तिकडच्या लग्नांत तो फार लोकप्रिय आहे.

मी भरतनाट्यमवरून तिथे शिकायला गेले, त्यामुळे तुमची चुळबुळ कळते. आमच्या बाईंनी आल्याआल्या माझी हनुवटी बोटाने खाली केली होती. तेव्हा चेहरा सोडा, सांपुर बघा. सांपुर म्हणजे नाचाचा लांब शेला. अंगठा आणि मधलं बोट जुळवून ती त्याची कड उचलते आणि मनगटानेच झटकते. गुडघे वाकलेले, मान किंचित कलती, आणि सगळं इतकं सावकाश की आपलाच श्वास अडकतो. दुसरं, दोघांतलं अंतर. एकमेकांभोवती फिरत फिरत ते कमी होत जातं आणि मग कुठे हातात हात येतो. तो आला की समजायचं, बरंच काही झालं.

आता गंमत ऐका. पात्र जितकं खानदानी, तितकं ते कमी दाखवणार. उघड तळमळायची मुभा रांगड्यांना! दुसऱ्या एका नाचातल्या क्लाना राजाचाही जीव याच सेकरताजीवर. लाल मुखवटा, टपोरे डोळे, मिशा. ती समोर नाहीच, तरी हा मुकुट सारखा करतो, मिशीवरून हात फिरवतो, कपाळावर हात धरून लांबवर बघतो, आणि ढोलकं त्याच्या प्रत्येक झटक्याला जाब देत असतं. नवरदेवासारखा नटतो बिचारा, पण ती काही त्याला मिळत नाही. मला विचाराल तर पंजीपेक्षा हाच जास्त आवडतो.

पारावरचा_पांडू:
घटोत्कचाचं सांगा की! तिकडे तोही प्रेमात पडतो म्हणे. आपल्याकडे बिचाऱ्याला वत्सलेच्या लग्नात रुखवत फस्त करायचं काम.

सोलोत_रुळलेली:
पडतो तर! 'गातोतकाचा गांद्रुंग' हा नाचच आहे. तिकडे तो आकाशात उडणारा देखणा वीर, आणि जीव जडलाय अर्जुनाची मुलगी पर्गिवा हिच्यावर. जिकडे तिकडे तीच दिसते त्याला. लढाईत न डगमगणारा गडी इथे पार विरघळतो.

लाटांकाठी:
बेदाया केतावांग राहिलं, तेही नृत्यच. सुसुहुनानच्या, म्हणजे सोलोच्या राजाच्या, राज्यारोहणाच्या वर्धापनदिनी सोलोच्या राजवाड्यात होतं. नऊ जणी, नवरीच्या वेशात. विषय समुद्रराणी रातू किदुल आणि माताराम या जुन्या जावानी राज्याचा राजा यांचं प्रेम, पण राजाचं काम करणारा पुरुष कुणी नाहीच! तालीम दर ३५ दिवसांनी, क्लिवोनच्या मंगळवारी (क्लिवोन हा जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला एक वार). त्या दिवशी राणी स्वतः येऊन चुकलेलं सुधारते, अशी श्रद्धा.

तिसरी_घंटा:
बाप रे. पुन्हा जाणं झालं तर सामान्य माणसाला हे सगळं कुठे बघता येईल?

सोलोत_रुळलेली:
बेदाया निमंत्रितांसाठी, ते विसरा. सोलोतच श्रीवेदारीच्या नाट्यगृहात जवळजवळ रोज रात्री वायांग वोंग, म्हणजे नृत्यनाट्य, असतं, तिकीट अगदी किरकोळ. भाषा कळली नाही तरी विदूषकांच्या वेळी उठू नका, सगळं थिएटर त्यांच्यासाठीच आलेलं असतं. तुमच्या ह्यांना पुढच्या रांगेत बसवा.