भोसरीच्या प्लांटला लीज लाईन: मोठा टेल्को की लोकल आयएसपी?

भोसरी_आयटी: मंडळी, मत हवंय. एमआयडीसीत प्लांट, दीडशे लोकं, ईआरपी (हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या मुंबई रीजनवर, मेल आणि टीम्स मायक्रोसॉफ्टचं, शिवाय जर्मनीतल्या कस्टमरच्या पोर्टलवर दिवसभर ड्रॉइंगची ये-जा. 100 एमबीपीएसची लीज लाईन (फक्त आपल्यासाठी राखीव इंटरनेट लाईन) घ्यायचीये. एक कोटेशन देशभर जाळं असलेल्या टेल्कोचं, दुसरं इथल्याच क्लास बी आयएसपीचं (एका टेलिकॉम सर्कलपुरतं लायसन्स असलेली इंटरनेट कंपनी), जवळपास निम्म्या भावात. अकाउंटवाले म्हणतात स्वस्त घ्या, साहेब म्हणतात नावाजलेलं घ्या. मी साहेबांच्या बाजूने, कारण टेल्कोचं जाळं थेट समुद्राखालच्या केबलपर्यंत, लोकलवाला शेवटी कोणाकडून तरी घेऊनच विकणार ना.

नाशिकचा_आयएसपीवाला: घेऊनच विकतो हो, पण धड असला तर दोघातिघांकडून घेतो, म्हणजे एक अपस्ट्रीम (ज्याच्याकडून तो घेतो ती वरची कंपनी) झोपला तर ट्रॅफिक दुसऱ्यावर. शिवाय तुमचं निम्म्याहून जास्त काम मुंबईतच संपतंय, समुद्र आलाच कुठे? तो जर डीई-सिक्स मुंबई किंवा एक्स्ट्रीम आयएक्ससारख्या इंटरनेट एक्स्चेंजवर पिअरिंग (दोन जाळ्यांनी एकमेकांचं ट्रॅफिक थेट देणंघेणं) करत असेल तर पुण्यातून मुंबईला पाच-सात मिलिसेकंदात पोचाल. मोठे टेल्को लहानांशी फुकट पिअरिंग करायला नाखूश असतात, मग पॅकेट मुंबईतून निघून सिंगापूरला वळसा घालून परत मुंबईत. ट्रायल लाईन मागा आणि आपल्या सर्व्हरला ट्रेसराऊट मारून पॅकेट कुठल्या वाटेने जातं ते बघा, ब्रोशर नंतर वाचा.

रात्रपाळी: सगळं खरं, पण रात्री दोनला फोन कोण उचलतो? आमच्या आधीच्या लोकलवाल्याचा नॉक (नेटवर्कवर नजर ठेवणारा कक्ष) म्हणजे एक पोरगा आणि त्याचा व्हॉट्सअ‍ॅप. टेल्कोकडे निदान तिकीट नंबर मिळतो, वर एस्कलेशन मॅट्रिक्स (तक्रार पुढे कोणाकडे न्यायची त्याची यादी) असतं, एसएलए (लाईन किती टक्के वेळ चालू राहील याचं लेखी वचन) तुटला तर क्रेडिट नोट येते.

नाशिकचा_आयएसपीवाला: क्रेडिट नोटेवर प्लांट चालतो का? 😄 99.5 टक्के म्हणजे महिन्याला 3.6 तास बंद चालतं, 99.9 म्हणजे साधारण 43 मिनिटं. आणि खाली बारीक अक्षरात "फायबर कट वगळून" असं असतं, म्हणजे ज्या कारणाने लाईन जाते तेच कारण वगळलंय!

जेसीबीग्रस्त: तुम्ही दोघं वरचं भांडताय, लाईन मरते खाली. आमच्याकडे चाकणला दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाईन होत्या, दोन बिलं, दोन राऊटर, दोन सेल्सवाले दिवाळीला मिठाई घेऊन यायचे. पाण्याच्या लाईनीसाठी जेसीबी आला, एक बकेट मारली, दोन्ही लाल. कारण शेवटचा दीड-दोन किलोमीटर दोघांची फायबर जमिनीखालच्या एकाच पाईपमध्ये (डक्टमध्ये), एकाने दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेली. मग पावसात खड्ड्याच्या काठावर फायबर जोडायच्या स्प्लायसिंग मशीनवर छत्री धरून बसलेला माणूस, आणि गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांचा माणूस तोच! म्हणून आधी रूट मॅप मागा, केएमझेड फाईल, गूगल अर्थवर उघडून दोन्ही रेषा एकमेकांवर टाका. खांबांवरून ओव्हरहेड आणत असतील तर गणपतीच्या मिरवणुकीआधी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

बीजीपीप्रेमी: दोन्ही घ्या, आयआरआयएनएनकडून (भारतात आयपी पत्ते वाटणारी संस्था) स्वतःचा एएस नंबर (आपल्या जाळ्याचा ओळख क्रमांक) आणि /24, म्हणजे स्वतःचा आयपी पत्त्यांचा गठ्ठा घ्या, बीजीपी (आपले पत्ते कुठल्या वाटेने सापडतील ते इंटरनेटला सांगणारा प्रोटोकॉल) चालवा, प्रश्न मिटला.

रात्रपाळी: दीडशे माणसांच्या प्लांटला बीजीपी? उंदीर मारायला तोफ! फायरवॉलवर दोन वॅन (बाहेरच्या लाईनी) लावा, एक पडली की दुसरी उचलते. कॉन्फिगरेशन चुकलं तर बीजीपीवाला माणूस आणणार कुठून?

बीजीपीप्रेमी: तोफ नाही हो. लाईन बदलली की पब्लिक आयपी बदलतो, आणि जर्मन कस्टमरने पोर्टलवर तुमचा आयपी व्हाईटलिस्ट केलेला असणार, म्हणजे फक्त त्याच पत्त्याला आत सोडणार. इंटरनेट चालू आणि पोर्टल बंद, तेही डिस्पॅचच्या दिवशी. स्वतःचा /24 असला तर तेच 256 पत्ते दोन्हीकडून जाहीर होतात. फुल टेबलही (सगळ्या इंटरनेटच्या वाटांची यादी) नको, डीफॉल्ट राऊट (सगळ्यासाठी एकच वाट) पुरतो, साध्या राऊटरवर चालतं.

जेसीबीग्रस्त: किंवा कस्टमरला मेल टाकून दोन्ही आयपी व्हाईटलिस्ट करून घ्या. फुकटात.

बीजीपीप्रेमी: जर्मन कस्टमरच्या आयटीकडून एक पोर्ट उघडून घेऊन दाखवा, मग बोलू.

भोसरी_आयटी: आयपी व्हाईटलिस्ट आहेच, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. पण जर्मनीसाठी तरी टेल्को बरा ना? सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा युरोपची बोंब होती.

नाशिकचा_आयएसपीवाला: तुटल्या त्या एसएमडब्ल्यू-4 आणि आयएमईडब्ल्यूई या केबल, आणि दोन्हींच्या कन्सोर्टियममध्ये (मालक कंपन्यांच्या गटात) आपल्याकडचे मोठे टेल्को आहेतच. नावाने केबल वाचत नाही. युरोपला तांबड्या समुद्राशिवाय दुसरी वाट आहे का, सिंगापूरकडून फिरवता का, आणि त्या वाटेवर क्षमता किती घेऊन ठेवलीये, एवढं दोघांना लेखी विचारा.

रात्रपाळी: आणि लोकलवाल्याला विचारा की अपस्ट्रीमचं बिल वेळेवर भरतो का 😏 आमचा बंद पडला तो तेवढ्यानेच, फायबर शाबूत होती.

नाशिकचा_आयएसपीवाला: हे मात्र मान्य.

भोसरी_आयटी: बरं, मग प्रायमरी टेल्को, बॅकअपला लोकल, पण लोकलची लास्ट माईल (प्लांटपर्यंतचा शेवटचा टप्पा) फायबर नाही, छतावरून रेडिओ, म्हणजे वायरलेस लिंक, म्हणजे जेसीबीचा संबंध नाही. साहेबांना नाव मिळालं, अकाउंटला मात्र दोन बिलं, वर 18 टक्के जीएसटी. टेल्कोच्या सेल्सवाल्याला केएमझेड मागितली, तो म्हणतो "सर, हे काय असतं?"

जेसीबीग्रस्त: त्याला सोडा, त्यांच्या फीझिबिलिटीवाल्या (लाईन येऊ शकते का ते तपासणाऱ्या) इंजिनिअरचा नंबर काढा. आणि रेडिओ लावताय तर समोरच्या प्लॉटवर सिग्नल अडवणारी नवीन शेड उठत नाहीये ना, तेही बघून घ्या.