सन्डरलँड टिकेल असं मला वाटतं

2025-26 मोसमासाठी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, वर आलेला सन्डरलँड क्लब 20 गुणांच्या आतच गारद होईल, हे तुमचं भाकीत मला पटत नाही. भीती समजते. 2023-24 आणि 2024-25, दोन्ही मोसमांत वर आलेले तिन्ही क्लब लगेच खालच्या लीगमध्ये गेले; साउदॅम्प्टनला तर जेमतेम 12 गुण मिळाले. पण साउदॅम्प्टन कशामुळे बुडालं ते बघा ना. गोलकीपरपासून छोटे पास देत निघायचा हट्ट आणि स्वतःच्याच बॉक्ससमोर चेंडू घालवणं. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, हे खपून जातं, प्रीमियर लीगमध्ये थेट गोल बसतो.

प्रशिक्षक ले ब्रिसची सन्डरलँड टीम तशी नाही. वर येण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये कॉव्हेंट्रीविरुद्ध 122व्या मिनिटाला कॉर्नरवर बॅलर्डचा हेडर, मग फायनलला शेफील्ड युनायटेडविरुद्ध पिछाडीवरून 2-1. शेवटपर्यंत दम टिकतो या पोरांचा! जोब बेलिंगहॅम डॉर्टमुंडला गेला हे नुकसान खरंच मोठं आहे, पण मधल्या फळीत आता शाका आलाय, लेव्हरकुसेनबरोबर एकही सामना न हरता बुंडेसलिगा ही जर्मन लीग जिंकलेला. दबावात चेंडू शांतपणे राखणारा असा एक माणूस लागतोच.

बाहेरच्या मैदानांवर मार खातील, घरच्या स्टेडियम ऑफ लाइटवर मात्र गुण जमवतील. माझा अंदाज सोळावा-सतरावा नंबर, म्हणजे टिकण्यापुरता, 38च्या आसपास गुण.