स्लाव्हिया 1.0 टीएसआय: रीमॅप करू की ट्युनिंग बॉक्स लावू? मदत हवी आहे (ठाणे)

नमस्कार मंडळी,
गाडी स्कोडा स्लाव्हिया 1.0 टीएसआय मॅन्युअल, 115 पीएस, 178 एनएम. राहतो कासारवडवलीला, ऑफिस महापेला, म्हणजे रोज घोडबंदर रोड, माजिवडा, मग कळवा-विटावा करत ठाणे-बेलापूर रोड. तक्रार तिथली नाहीये, हायवेला पण गाडी मस्त पळते. तक्रार आहे चढावरची. सासुरवाडी नाशिकला, त्यामुळे कसारा घाट वरचेवर होतो, पाच माणसं, डिकी फुल, एसी चालू आणि पुढे एखादा कंटेनर रांगत असला की दुसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला गाडीत जीवच नसतो, पाय दाबला तरी ढिम्म, मग 1800 च्या आसपास टर्बो जागा होतो आणि एकदम ढकलतो. मागे बसलेल्या आईलासुद्धा ते कळतं.

तुर्भ्याच्या एका ट्युनरशी बोललो. त्याचं म्हणणं, रीमॅप म्हणजे ओबीडी पोर्टातून (गाडी तपासायचं सॉकेट) ईसीयूत (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नवी फाइल टाकायची, त्यात बूस्ट (टर्बो किती दाबाने हवा कोंबतो ते), इंधन, इग्निशन टायमिंग सगळं एकमेकाला धरून बदललेलं असतं. स्टेज 1 ला हार्डवेअरला हात लावत नाहीत, 130-135 पीएस आणि टॉर्क 200 च्या वर जाईल म्हणतो. पटतं. पण वॉरंटी शिल्लक आहे, आणि फोक्सवॅगन ग्रुपच्या (स्कोडा त्यातच) गाड्यांना सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर लावला की सॉफ्टवेअर बदललेलं कळतं आणि टीडी1 चा, म्हणजे वॉरंटी नाकारायचा, शिक्का बसतो, तो स्टॉक फाइल परत टाकली तरी जाईलच असं नाही. वर सर्व्हिसला त्यांनी ईसीयू अपडेट मारला तर आपले पैसे पाण्यात.

बॉक्सचं उलट. मित्राच्या गाडीत बघितला, बॅटरीशेजारी केबल टायने बांधलेली साबणाच्या वडीएवढी काळी डबी, तिची वायर बूस्ट प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मधेच घुसवलेली. सर्व्हिसच्या आदल्या दिवशी काढली की विषय संपला. पण तो बॉक्स करतो काय, तर ईसीयूला थाप मारतो, प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दाखवतो म्हणजे ईसीयू अजून बूस्ट मागतो. आता ईसीयूला वाटणार हवा कमी आलीये, त्या हिशोबाने तो टायमिंग ठेवणार, प्रत्यक्षात हवा जास्त, मग नॉक सेन्सरने (मिश्रण भलत्या वेळी पेटल्याचे ठोके ओळखणारा) निस्तरत बसायचं. डिझेलमध्ये रेल प्रेशरचा सिग्नल असाच फिरवतात, तिथे चालून जात असेल, पेट्रोलला मला ते जुगाडच वाटतं. (ऑनलाइन मिळणारे, ओबीडीत खुपसायचे स्वस्तातले चिप कृपया सुचवू नका, त्यात लाइट लुकलुकण्यापलीकडे काही नसतं.)

तर विचारायचंय हे, की 1500 ते 1800 चा खड्डा रीमॅपने खरंच भरतो का, की नुसती वरची ताकद वाढते? गिअरबॉक्स एमक्यू 200 आहे, त्याचं रेटिंगच साधारण 200 एनएमचं, मग 220 दिला तर तो आणि क्लच किती तग धरेल? इन्शुरन्सला कुणी कळवलंय का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, यूट्यूब बघून झालंय.

प्रतिसाद 1
तुमचा प्रॉब्लेम बूस्टच्या आधीचा आहे हो. 1500 ला टर्बाइन जोरात फिरवण्याएवढा एक्झॉस्टच नसतो, फाइल बदलून तो कुठून आणणार? माझी फोक्सवॅगन व्हर्टस 1.0, इंजिन तुमचंच, स्टेज 1 केलेली. थ्रॉटल जरा शार्प झाला, ओव्हरटेकला मजा येते, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये शून्य फरक, उलट 1800 नंतरचा धक्का वाढला. घाटात बिनधास्त पहिला टाका.

प्रतिसाद 2
+1. आणि 1500 ला पाय दाबून ठेवायची सवय सोडा राव. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएम आणि जास्त लोड म्हणजे एलएसपीआयला आमंत्रण, स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. बॉक्सने नेमकं तिथेच बूस्ट वाढवलं तर बघायलाच नको. रीमॅप केलात तर फाइल कुठल्या ऑक्टेनच्या (ग्रेडच्या) पेट्रोलसाठी लिहिलीये ते विचारून घ्या, 95 ची असेल तर मग कायम 95 च भरायचं, पंपावर संपलंय म्हणून साधं नाही.

प्रतिसाद 3
इन्शुरन्सचं एजंटला तोंडी विचारू नका, तो "काही होत नाही साहेब" म्हणेल. कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. गाडीत केलेला बदल कळवायचा असतो, मोठ्या क्लेममध्ये सर्व्हेअरने पकडलं तर भांडत बसाल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पण वाचा, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी पडेल असा बदल चालत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांना धन्यवाद. बॉक्स कॅन्सल. रीमॅप वॉरंटी संपेपर्यंत लांबणीवर, तोवर पहिला गिअर आणि आईची बडबड. क्लचबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. चढावर रिव्हर्स घेताना हल्ली जळका वास येतो, म्हणजे तो स्टॉक टॉर्कलाच दमलाय का? ऐरोली-रबाळे साइडला क्लच उघडून नीट दाखवणारा कुणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, आणि रीमॅपच्या आधीचा-नंतरचा दोन्ही डायनो रिपोर्ट (मशीनवर ताकद मोजल्याचे) हातात देणारा असेल तर तोही.